कुत्र्याची पाठ, गुडघा, खुबा: ऑपरेशन करायचं की आराम आणि गोळ्या?

माझ्या डॅशहंडची, म्हणजे चिंगीची, पाठ गेली तेव्हा मी दोन दिवस वाट बघत बसले, आणि पुढे दोन वर्षांनी बंड्याचा (लॅब्राडॉर) गुडघा गेला तेव्हा घाबरून दुसऱ्याच दिवशी ऑपरेशनची तारीख घेऊन मोकळी झाले. नंतर डोकं शांत झाल्यावर वाचत गेले, डॉक्टरांना खोदून खोदून विचारत गेले तेव्हा कळलं की नेमकं उलटं करायला हवं होतं. पाठीच्या दुखण्यात तास मोजायचे असतात, गुडघ्यात आठवडे हातात असतात, आणि खुब्याचं तर असं की पिल्लू लहान असताना जे करता येतं ते नंतर करताच येत नाही पण एकदा ती वेळ गेली की मग वर्षानुवर्षं निवांत विचार करायला मिळतो. प्रश्न तिन्ही ठिकाणी एकच वाटतो, कापायचं की गोळ्यांवर बघायचं, पण उत्तर काढायची पद्धत तिन्हीकडे वेगळी आहे. ज्यांना आत्ता या आठवड्यात ठरवायचंय त्यांच्यासाठी हे लिहितेय.

त्याआधी एक. मागचे पाय नीट चालत नाहीत म्हणजे डिस्कच (दोन मणक्यांमधली गादी बिघडणं) असं नाही. सांधा दुखणारा कुत्रा लंगडतो, पाय उचलून धरतो, उठताना कण्हतो, पण पंजा जमिनीवर सरळ टाकतो. नसांचा त्रास असलेला कुत्रा पंजा उलटा टेकवतो, नखं घासत चालतो, मागून झोकांड्या जातात. त्याला उभा धरून पंजा हलकेच उलटा ठेवला तर सांधेदुखीवाला लगेच सरळ करतो, नसांचा प्रॉब्लेम असेल तर तसाच राहतो किंवा उशिरा सरळ करतो. ही टेस्ट डॉक्टरच पहिल्यांदा करतात, आणि दुखऱ्या पाठीच्या कुत्र्यावर घरी आपण प्रयोग करू नयेत, पण ते काय बघतायत हे आपल्याला कळलेलं बरं.

नसांच्या त्रासातही सगळं ऑपरेशनचं नसतं. पळता पळता एकदम किंचाळून खाली बसला, एका बाजूचा पाय जास्त गेला, आणि दिवसभरानंतर ना दुखणं आहे ना त्रास वाढतोय, तर बऱ्याचदा ते मज्जारज्जूच्या रक्तवाहिनीत कूर्चेचा बारीक तुकडा अडकल्यामुळे झालेलं असतं, तिथे कापायला काही नसतंच, फिजिओ आणि वेळ हाच उपाय. आणि आठ-नऊ वर्षांचा जर्मन शेफर्ड किंवा कॉर्गी, महिनोन् महिने हळूहळू मागचा भाग कमजोर होतोय पण दुखत काहीच नाही, तर डीजनरेटिव्ह मायलोपथीचा, म्हणजे मज्जारज्जू हळूहळू झिजत जाण्याच्या आजाराचा, विचार करावा लागतो. त्याच्यामागचा एसओडी१ जीनमधला बदल २००९ मध्ये सापडला, माणसांच्या एएलएस आजाराशी त्याचं नातं आहे. त्यावर ऑपरेशन नाही. हे दोन आजार एवढ्यासाठी सांगितले की एमआरआय न करता थेट कापायला कुणी निघालं तर थांबवा. साध्या एक्स-रेत मज्जारज्जू दिसत नाही, डिस्क कुठे किती दाबतेय हे कळायला एमआरआय किंवा निदान सीटी लागतोच.

पाठ: इथे घड्याळ बघायचं

आता मुख्य. डिस्कचे दोन प्रकार हान्सेन नावाच्या स्वीडिश संशोधकाने १९५० च्या सुमारास मांडले आणि आजही तेच वापरतात. पहिल्या प्रकारात डिस्कच्या आतली जेली कोरडी पडून कडक झालेली असते आणि एक दिवस बाहेरचं कडं फाडून मज्जारज्जूवर आदळते, अचानक, तासाभरात. डॅशहंड, फ्रेंच बुलडॉग, बीगल, पेकिनीज, शित्झू, वय साधारण तीन ते सात. दुसऱ्या प्रकारात मोठ्या जातीच्या म्हाताऱ्या कुत्र्याचं कडं हळूहळू फुगत जातं, महिने महिने. आपण ज्याला "काल उडी मारली आणि आज पाय गेले" म्हणतो तो पहिला प्रकार. उडी मात्र निमित्त असते. २०१७ मध्ये डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या टीमने दाखवलं की एफजीएफ४ या जीनची एक जादा कॉपी बाराव्या गुणसूत्रावर जाऊन बसलेली आहे आणि तीच या जातींमध्ये डिस्क लवकर म्हातारी करते. मी कितीतरी दिवस स्वतःला दोष देत होते की सोफ्यावर चढू दिलं म्हणून झालं, तर तुम्हीही देत असाल तर नका देऊ, चिंगीच्या डिस्क तिच्या पहिल्या वाढदिवसालाच कडक व्हायला लागल्या असणार.

ठरवायचं कशावर? जातीवर नाही, वयावर नाही, ग्रेडवर. १ म्हणजे नुसती पाठ दुखतेय. २, चालतो पण झोकांड्या जातात. ३, स्वतः उभा राहून चालता येत नाही पण पाय हलवतो. ४, पाय अजिबात हलत नाहीत पण बोट जोरात दाबलं तर वेदना कळते. ५, तेही कळत नाही. या शेवटच्या टेस्टमध्ये मोठा घोळ होतो. डॉक्टर चिमट्याने बोटाचं हाड दाबतात आणि कुत्रा पाय मागे ओढतो, आपल्याला वाटतं हुश्श, कळतंय त्याला. पण पाय ओढणं हा नुसता रिफ्लेक्स आहे, तो मेंदूपर्यंत न जाताही होतो. कुत्र्याने वळून बघायला हवं, ओरडायला हवं, चावायला यायला हवं, तर वेदना कळली. चिंगीने पाय ओढला आणि मी आनंदाने रडले, डॉक्टर मात्र तिच्या तोंडाकडे बघत होते.

आकडे असे आहेत. २०२२ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ व्हेटरनरी इंटरनल मेडिसिनच्या तज्ञांच्या गटाने तोपर्यंतचे अभ्यास एकत्र करून शिफारशी काढल्या, मला वाटतं ठरवणाऱ्याला आज याच्याइतकं उपयोगाचं दुसरं काही नाही. पुन्हा चालायला लागणं म्हणजे यश असं धरलं तर, चालू शकणाऱ्या पण डळमळणाऱ्या कुत्र्यांत ऑपरेशननंतर जवळपास सगळेच बरे होतात आणि नुसत्या आराम-औषधांवर साधारण ८० टक्के. चालता येत नाही पण पाय हलतात त्यांच्यात ऑपरेशनने ९३ च्या आसपास आणि आरामाने पुन्हा ८० च्या आसपास. पाय लुळे पण वेदना कळते, तिथे ऑपरेशनचा आकडा तसाच ९३ च्या जवळ राहतो आणि आरामाचा घसरून ६० वर येतो. आणि वेदनाही कळत नसेल तर ऑपरेशनने ६० च्या आसपास, आरामाने २० च्या आसपास.

हे आकडे दोनदा वाचा कारण यात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे ऑपरेशन झेपत नसेल, पैशाने म्हणा, कुत्र्याच्या वयाने म्हणा, सर्जनच आसपास नाही म्हणून म्हणा, तरी तिसऱ्या-चौथ्या ग्रेडच्या कुत्र्याला आरामावर ठेवणं म्हणजे त्याला सोडून देणं नाही, निम्म्याहून जास्त उठतात, फक्त जास्त वेळ लागतो. चालता न येणाऱ्या कुत्र्याला "ऑपरेशन नाहीतर झोपवून टाका" एवढे दोनच पर्याय दिले जातात ते ऐकून मला अजूनही राग येतो. दुसरी गोष्ट, आरामाचे आकडे थोडे सैल धरा, कारण त्यातल्या बऱ्याच कुत्र्यांचा एमआरआय झालेलाच नव्हता, म्हणजे डिस्क असेल असं धरून उपचार केलेले, त्यातली काही डिस्कची नसतीलही.

मग घाई कशाची? पूर्वी सांगायचे की संवेदना गेली की २४ किंवा ४८ तासांत ऑपरेशन झालं तरच उपयोग, त्यानंतर विसरा. नंतरच्या अभ्यासांत एवढा सरळ हिशोब दिसला नाही, उशिरा ऑपरेशन होऊनही चाललेली कुत्री आहेत. म्हणून ४८ तास उलटून गेले असतील तर आता काय उपयोग म्हणून सोडून देऊ नका. घाई दुसऱ्याच कारणासाठी करायची. ग्रेड स्थिर नसते. सकाळी डळमळत चालणारा कुत्रा रात्री लुळा पडू शकतो, आणि वरच्या आकड्यांत बघितलंत तसं चौथ्याची पाचवी ग्रेड झाली की एका रात्रीत ९३ चे ६० होतात. मी ते दोन दिवस "जरा बरी वाटतेय का" यातच घालवले, आणि तिला पेनकिलर दिलेली असल्यामुळे ती खरंच जरा बरी वाटत होती. पहिले तीन दिवस दर चार-पाच तासांनी बघायचं, उभी राहते का, पाय हलतात का, शू स्वतः होते का, आणि वेळ घालून लिहून ठेवायचं. एक पायरी जरी खाली गेली तरी रात्र असली तरी फोन करायचा.

पाचव्या ग्रेडला अजून एक भीती असते, ती कुणी आधी सांगत नाही. अशा कुत्र्यांपैकी साधारण १० ते १५ टक्क्यांत मज्जारज्जू पुढे पुढे मरत जातो, मायलोमलेशिया म्हणतात, ऑपरेशन करूनही होऊ शकतं आणि त्यातून बहुतेक कुत्री वाचत नाहीत. पहिल्या काही दिवसांतच कळतं. ऑपरेशनला हो म्हणताना हे माहीत असावं, नंतर फसवल्यासारखं वाटू नये.

ऑपरेशन म्हणजे बहुतेक वेळा हेमिलॅमिनेक्टमी, मणक्याच्या एका बाजूचं हाड काढून तिथून बाहेर आलेली जेली साफ करायची. सोबत शेजारच्या डिस्कमधली जेली काढून टाकणं, फेनेस्ट्रेशन, करणार का हे विचारा, त्याने पुन्हा होण्याची शक्यता कमी होते. आरामाच्या मार्गात पुन्हा होण्याचं प्रमाण जास्त आहे, वेगवेगळ्या अभ्यासांत वेगवेगळं येतं पण बऱ्यापैकी जास्त, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्यांदा होत असेल तर सौम्य ग्रेडलाही मी ऑपरेशनकडे झुकेन.

आराम म्हणजे काय हे मात्र लोकांना वाटतं तसं नाही. घरात मोकळा पण उड्या नको, याला आराम म्हणत नाहीत. पिंजरा किंवा छोटं कुंपण, ज्यात उभं राहून वळता येईल एवढीच जागा, फक्त शी-शूसाठी पट्टा आणि हार्नेस लावून बाहेर, किमान चार आठवडे. त्या २०२२ च्या शिफारशीत चार आठवडेच दिलेत. खरी परीक्षा दुसऱ्या आठवड्यात, कुत्र्याला बरं वाटायला लागतं, तो भुंकतो, रडतो, आणि आपलं मन विरघळतं. दुखणं थांबलंय पण फाटलेलं कडं भरलेलं नाही, आणि त्याच दिवसांत उरलेली जेली बाहेर येऊ शकते. तुमचा कुत्रा पिंजऱ्यात वेड्यासारखा धडका मारणारा असेल तर डॉक्टरांना शांत करणारं औषध मागा, त्यात काही गैर नाही.

स्टिरॉइडबद्दल. अजूनही बरेच ठिकाणी पहिलं इंजेक्शन तेच देतात. २०१६ मध्ये वेदना न कळणाऱ्या कुत्र्यांवर नीट ट्रायल झाली, ऑपरेशनसोबत काहींना मिथाइलप्रेडनिसोलोन, काहींना पॉलिइथिलीन ग्लायकॉल, काहींना नुसतं सलाइन, आणि तिन्ही गटांत फरक पडला नाही. नवीन शिफारशीही अचानक झालेल्या डिस्कला रुटीन स्टिरॉइड नको म्हणतात, त्याऐवजी सूज उतरवणारी साधी पेनकिलर, मेलॉक्सिकॅम किंवा कार्प्रोफेनसारखी. आणि स्टिरॉइड आणि या पेनकिलर एकत्र कधीही नाही, पोटात अल्सर होऊन आतडं फुटू शकतं. एका डॉक्टरांनी स्टिरॉइड दिलं असेल आणि तुम्ही दुसरीकडे जात असाल तर पहिलं वाक्य हेच सांगा की अमुक वेळेला स्टिरॉइड दिलंय.

दोन्ही मार्गांत एक काम सारखंच आहे आणि तेच लोकांना सगळ्यात जड जातं, मूत्राशय. चालता न येणाऱ्या कुत्र्याला शू पण करता येत नाही बऱ्याचदा, पोट दाबून दिवसातून तीन-चार वेळा काढून द्यावी लागते, नाहीतर इन्फेक्शन होतं आणि मूत्राशय ताणून कायमचं ढिलं पडतं. अंथरूण ओलं दिसतंय म्हणजे शू होतेय असं समजू नका, भरलेलं मूत्राशय नुसतं ओसंडतही असतं. हे डॉक्टरांकडून हात धरून शिकून घ्या, बघून येत नाही. मला चार दिवस लागले. ठरवताना घरात हे कोण करणार, दिवसा कोण असतं, तीस किलोच्या कुत्र्याला उचलणार कोण, हा प्रश्न टक्केवारीइतकाच मोठा आहे.

फिजिओचं थोडक्यात: ऑपरेशननंतर घरी पाय हलवणं, टॉवेलने आधार देऊन उभं करणं, एवढं करायलाच हवं. महागडा पाण्यातला ट्रेडमिल वगैरे नाही जमला तर अपराधी वाटून घेऊ नका. २०१८ मधल्या एका ट्रायलमध्ये ऑपरेशननंतर ज्या कुत्र्यांचे पाय अजून थोडे हलत होते किंवा संवेदना होती त्यांच्यात साधा व्यायाम आणि भरगच्च फिजिओ यात बरं होण्याच्या वेगात फरक दिसला नाही.

माझं मत विचाराल तर, पहिल्यांदाच होतंय आणि चालतोय तर कडक आराम आणि बारकाईने लक्ष. चालणं गेलं तर जमत असेल तर ऑपरेशन, आणि त्याच दिवशी सर्जनशी बोलणं. संवेदना गेली तर लगेच ऑपरेशन, आणि ते शक्य नसेल तर घरच्यांनी बसून चाकाच्या गाडीचं आयुष्य आपल्याला आणि कुत्र्याला झेपेल का हे मोकळेपणाने बोलायचं. गाडीवर मजेत जगणारी कुत्री आहेत, आणि काही तर काही महिन्यांनी संवेदना न येताही रिफ्लेक्सवरच चालायला लागतात, डौल नसतो त्यात पण चालतात. चिंगी चौथ्या ग्रेडवरून ऑपरेशनला गेली, आज चालते, डाव्या पायाची नखं थोडी घासतात.

गुडघा: इथे श्वास घ्यायला वेळ आहे

बंड्याने एक दिवस मागचा पाय टेकवायचं बंद केलं आणि मला चिंगीचे दिवस आठवले, मी थांबलेच नाही. पण गुडघ्याचं पुढचं लिगामेंट, क्रूशिएट, तुटलं तर दोन-चार आठवडे नीट विचार करून, दुसऱ्या सर्जनचं मत घेऊनसुद्धा काही बिघडत नाही. कुत्र्यांत हे लिगामेंट खेळाडूंसारखं एका झटक्यात क्वचितच तुटतं, ते महिनोन् महिने झिजत असतं, आणि म्हणूनच जवळजवळ निम्म्या कुत्र्यांत नंतर दुसरा गुडघाही जातो. खर्चाचा विचार करताना दुसऱ्या गुडघ्याचा विचार आत्ताच करून ठेवा.

पर्याय मुख्यतः तीन. ऑपरेशन नको, वजन कमी, औषधं आणि फिजिओ. दुसरा, सांध्याच्या बाहेरून जाड दोऱ्याने बांधणं, लॅटरल सुचर. तिसरा टीपीएलओ, बार्क्ले स्लोकम या अमेरिकन सर्जनने आणलेला, ज्यात लिगामेंट जोडतच नाहीत. कुत्र्याच्या नडगीचा वरचा पृष्ठभाग मागे उतरता असतो, साधारण २५ अंश, आणि वजन पडलं की मांडीचं हाड त्या उतारावरून घसरतं, लिगामेंट तेच अडवत असतं. टीपीएलओमध्ये हाड गोल कापून फिरवतात, उतार ५ अंशांच्या आसपास आणतात, प्लेट लावतात, घसरण्याचं कारणच जातं. टीटीए म्हणून अजून एक आहे, हाडाचा पुढचा भाग पुढे सरकवायचा, तो २००० नंतर झुरिकमधून आला. तुमच्या सर्जनचा हात त्यात बसलेला असेल तर ठीक, पण नवीन सुरुवात करताना मी टीपीएलओ आणि दोरा यातच तुलना करेन.

२०१३ मध्ये ८० कुत्र्यांवर या दोघांची थेट तुलना झाली, कुठल्या कुत्र्याला काय करायचं ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवून, आणि चाल माणसाने नाही तर जमिनीतल्या फोर्स प्लेटने, म्हणजे पायावर किती वजन पडतंय ते मोजणाऱ्या पट्टीने, मोजली. टीपीएलओवाली कुत्री वर्षभरानंतर पायावर जास्त वजन टाकत होती, आणि मालक समाधानी असण्याचं प्रमाण ९३ टक्के विरुद्ध ७५ टक्के. म्हणजे टीपीएलओ पुढे आहेच, पण दोऱ्यावरही चारातले तीन मालक खूश होते हे विसरू नका. मोठा, तरणा, पळणारा कुत्रा असेल तर टीपीएलओ. लहान, हलका, निवांत स्वभावाचा असेल तर दोरा अगदी चालण्यासारखा पर्याय आहे आणि काही बिघडलं तर दुरुस्ती सोपी, कारण हाड कापलेलं नसतं. टीपीएलओत इन्फेक्शन, प्लेट काढावी लागणं, हाड जुळायला साधारण आठ आठवडे, हे सगळं धरून चाला.

आणि ऑपरेशन नकोच म्हटलं तर? १९८४ चा एक जुना अभ्यास आहे, १५ किलोच्या आतली कुत्री ऑपरेशनशिवाय ८५ टक्क्यांच्या आसपास सुधारली आणि त्यावरची फक्त २० टक्क्यांच्या आत. वर्षानुवर्षं याच आकड्यावर सगळे बोलायचे. मग २०१३ मध्ये जाड कुत्र्यांवर एक ट्रायल झाली, एका गटाला टीपीएलओ, एकाला नाही, पण वजन कमी करणं, फिजिओ आणि पेनकिलर दोघांनाही. वर्षानंतर ऑपरेशनवाल्यांत ७५ टक्के यशस्वी, बिनऑपरेशनवाल्यांत जवळपास ६४. फरक आहे, पण इतकाही नाही की गरीब माणसाने रडत बसावं. फक्त यातली अट बघा, वजन खरोखर कमी केलं होतं. "थोडं कमी देतो" असं नाही, मोजून. बंड्याचं ऑपरेशन मी आजही केलंच असतं बहुतेक, पण आधी सहा किलो उतरवून केलं असतं.

एक गोष्ट मात्र थांबू देत नाही, मेनिस्कस. गुडघ्यातली गादी फाटून दुमडली असेल तर चालताना कटकट आवाज येतो आणि दुखणं गोळ्यांना दाद देत नाही, तिथे आत जाऊन फाटलेला तुकडा काढल्याशिवाय आराम पडत नाही. आराम-गोळ्यांवर असाल आणि सहा-आठ आठवड्यांत पाय टेकवतच नसेल तर हेच तपासायला सांगा.

खुबा, आणि सांधेदुखीची औषधं

हिप डिस्प्लेसियात खुब्याचा गोळा वाटीत सैल बसतो. पिल्लू घेतलंय, जात मोठी आहे, तर हा भाग तुमच्यासाठी. पेनहिप नावाची एक्स-रे पद्धत सोळाव्या आठवड्यापासून सैलपणा मोजते, नेहमीची, ओएफए या अमेरिकन संस्थेची, अंतिम ग्रेड दोन वर्षांनंतरच मिळते. हा फरक इतका महत्त्वाचा का, तर बारा ते वीस आठवड्यांच्या दरम्यान एक छोटंसं ऑपरेशन करता येतं, ओटीपोटाच्या हाडांच्या मधली वाढ थांबवायची म्हणजे वाटी आपोआप गोळ्यावर नीट झाकली जाते, ते वीस आठवड्यांनंतर उपयोगाचं नाही. वाटी फिरवून बसवण्याचं ऑपरेशनही वाढीच्या वयातच, सांधा खराब व्हायच्या आत. मोठा झाल्यावर दोनच ऑपरेशनं उरतात, गोळा काढून टाकणं किंवा पूर्ण खुबा बदलणं. हलक्या कुत्र्यात गोळा काढूनही छान चालतात, स्नायू तोलून धरतात. तीस-चाळीस किलोच्या कुत्र्यात पूर्ण बदललेला खुबा खऱ्या सांध्याच्या जवळ जातो, पण निखळला किंवा इन्फेक्शन झालं तर प्रकरण मोठं होतं. यात घाई काही नाही, औषधांवर चांगला चालतोय तोवर चालवा.

औषधांत जाण्याआधी वजन, कारण कुठल्याही गोळीपेक्षा भक्कम पुरावा त्याचाच आहे. ४८ लॅब्राडॉर, भावंडांच्या जोड्या, एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं, आयुष्यभर. कमी खाणाऱ्यांचं मधलं आयुष्य (निम्मी त्याआधी गेली, निम्मी नंतर) १३ वर्षं, दुसऱ्यांचं ११.२. आणि खुब्याची झीज एक्स-रेवर दिसायचं मधलं वय जास्त खाणाऱ्यांत ६ वर्षं, कमी खाणाऱ्यांत १२. एकाच आईची पिल्लं, तेच रक्त. जाड आणि लंगडणाऱ्या कुत्र्यांच्या दुसऱ्या एका अभ्यासात वजन ६ टक्क्यांहून थोडं जास्त उतरलं तेवढ्यातच चाल सुधारायला लागली.

गोळ्यांत पहिली निवड अजूनही कार्प्रोफेन, मेलॉक्सिकॅम, फिरोकॉक्सिब वगैरे. काम करतात, पुरावा चांगला, पण पोट, किडनी, लिव्हर बघावं लागतं, म्हणून आधी रक्त तपासणी आणि मग ठरावीक दिवसांनी परत. ग्रॅपिप्रँट, २०१६ मध्ये अमेरिकेत मंजूर, एकाच रिसेप्टरवर नेमकं काम करतं, पोट नाजूक असेल तर डॉक्टर तिकडे वळतात. माणसांची आयब्रुफेन देऊच नका, कुत्र्यांना विष आहे.

बेडिनव्हेटमॅब, म्हणजे लिब्रेला, महिन्यातून एक इंजेक्शन, दुखण्याचा निरोप देणारं एनजीएफ नावाचं प्रथिन अडवतं. युरोपात २०२० ला मंजूर, अमेरिकेत २०२३ ला. गोळी तोंडात न घेणाऱ्या किंवा किडनी कमजोर असलेल्या म्हाताऱ्या कुत्र्यांना याने उभं केल्याचं मी स्वतः बघितलंय. पण डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने डॉक्टरांना पत्र पाठवलं, कारण वापर वाढल्यावर तोल जाणं, फिट येणं, जास्त शू होणं, काही मृत्यू अशा तक्रारी आल्या होत्या. तक्रार आली म्हणजे औषधानेच झालं असं सिद्ध होत नाही, लाखो म्हाताऱ्या कुत्र्यांना देतात तेव्हा काहींना काहीतरी व्हायचंच. तरीपण ज्या कुत्र्याला सांध्यांसोबत पाठीचाही त्रास आहे त्याच्या बाबतीत मी आधी पाठ नीट तपासून घेईन, नाहीतर उद्या पाय लटपटले तर डिस्क की इंजेक्शन हे सांगता येणार नाही.

ग्लुकोसामीन-कॉन्ड्रॉइटिनच्या, म्हणजे सांध्यांसाठी खाण्यात द्यायच्या सप्लिमेंटच्या, डब्यांवर लोक सगळ्यात जास्त पैसे घालतात आणि २०२२ च्याच पण वेगळ्या एका मोठ्या आढाव्यात त्यांचाच उपयोग दिसला नाही. ओमेगा-३ मात्र त्याच आढाव्यात चांगलं ठरलं. एकच काही घ्यायचं असेल तर फिश ऑइल, डोस वजनानुसार डॉक्टरांकडून.

आता "पण आमच्याकडे तर फरक पडला" असं म्हणाल, तर २०१२ चा एक अभ्यास सांगते. लंगडणाऱ्या कुत्र्यांना औषधाच्या नावाखाली काहीच नसलेली गोळी दिली, आणि फोर्स प्लेटवर काही बदल नसतानाही निम्म्याहून जास्त वेळा मालकांनी सुधारणा आहे असं सांगितलं. डॉक्टरही चुकले, थोडे कमी इतकंच. आपण त्यांच्यावर प्रेम करतो म्हणून आपल्याला बरं दिसतं. म्हणून वरचं काहीही निवडलंत तरी सुरू करायच्या आदल्या दिवशी मोबाईलवर व्हिडिओ घ्या, बाजूने आणि मागून, सपाट जमिनीवर, पट्ट्याने सावकाश चालवत, आणि एक जिना चढताना, झोपेतून उठताना. मग दर दोन आठवड्यांनी त्याच जागी, त्याच वेळेला तसाच. महिन्याने दोन्ही व्हिडिओ अशा कुणाला तरी दाखवा ज्याला माहीत नाही कुठला आधीचा आणि कुठला नंतरचा, आणि विचारा, कुठल्यात जास्त लंगडतोय?